चूक कोणाची? दाभोळच्या लारीपासून दहा रुपयांच्या नाण्यापर्यंत

१/
दहा रुपयांचे नाणे पुढे करावे आणि दुकानदाराने ते बोटाने मागे सारावे, हा प्रसंग काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील अनेक बाजारपेठांत रोज घडत असे. एका नाण्यावर रुपयाचे नवे चिन्ह होते, दुसऱ्यावर नव्हते. कुठे दहा किरणरेषा होत्या, कुठे पंधरा. त्यातून अफवा पसरली की दहा रेषांचे नाणे खरे आणि पंधरांचे खोटे. अखेर १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला: दहा रुपयांची नाणी तोवर १४ वेगवेगळ्या नक्ष्यांत निघाली असून ती सर्व वैध आहेत.

२/
याच्या नेमका उलटा प्रकार समाजमाध्यमांवर चालतो. नाणे जरासे वाकडे, पुसट किंवा वेगळे दिसले की ते 'दुर्मीळ' ठरते आणि त्याची किंमत लाखांत सांगितली जाते. बाजारात वेगळेपणाची भीती आणि पडद्यावर वेगळेपणाचा लोभ, या दोन्हींच्या मुळाशी एकच अज्ञान आहे. नाण्यावरील फरक कोणत्या क्षणी आणि कोणाच्या हातून आला, हे कोणी विचारत नाही. नाणकशास्त्राचा आरंभ मात्र याच प्रश्नापासून होतो. रत्नागिरी आणि तिच्या आसपासच्या कोकणात या प्रश्नाची जवळजवळ चार शतकांची उदाहरणे हाताशी आहेत.

३/
नाणे घडायला तीन गोष्टी लागतात. पहिली चकती, म्हणजे ठराविक वजनाचा धातूचा कोरा तुकडा. दुसरी ठसा, म्हणजे पोलादावर उलटे कोरलेले चित्र व अक्षरे. तिसरी घाव. पूर्वी तो हातोड्याचा असे, आता यंत्राचा असतो. खालचा ठसा स्थिर, त्यावर चकती, तिच्यावर वरचा ठसा आणि मग घाव. या तिन्हींपैकी प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या प्रकारची चूक होऊ शकते. नाणे टांकसाळीबाहेर पडल्यावर त्याला जे काही होते तो चौथा प्रकार. त्याला चूक म्हणत नाहीत, ती केवळ इजा असते.

४/
यातून एक साधा नियम निघतो. फरक ठशात असेल तर त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तो पुन्हा दिसतो. असे फरक हजारो नाण्यांवर सापडतात आणि संग्राहक त्यांना 'व्हरायटी' म्हणतात, मराठीत 'भेद' म्हणता येईल. फरक चकतीतून किंवा घावातून आला असेल तर तो बहुधा त्या एकाच नाण्यापुरता असतो. तो 'एरर', म्हणजे दोष. भेदातून टांकसाळीची व्यवस्था कळते आणि दोषातून एका क्षणाचा अपघात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्हींची साक्ष सारखी नसते.

५/
आता दाभोळकडे वळू. वाशिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर आदिलशाहीचे समुद्राकडे उघडणारे मोठे दार होते. अरबी समुद्रावरच्या व्यापारात त्या काळी 'लारी' नावाचे चमत्कारिक नाणे चाले. इराणच्या दक्षिणेकडील लार या शहरावरून त्याला हे नाव पडले. मालदीवच्या चलनात आजही रुफियाच्या शंभराव्या भागाला लारीच म्हणतात. लारी गोल नसते. चांदीची तार दुमडून केसाच्या आकड्यासारखी करायची आणि तिच्यावर ठसा मारायचा, की झाले नाणे. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाच्या (१६५६–१६७२) नावाच्या लाऱ्या उपलब्ध आहेत आणि त्यांचे नाते दाभोळशी जोडले जाते.

६/
अशी लारी प्रथमच हाती आली तर नवखा माणूस तिला सदोष ठरवील. तिच्यावरचा फारसी मजकूर अर्धामुर्धा असतो. एखादीवर सुलतानाच्या नावाचा तुकडा, दुसरीवर नुसत्या दोन रेघा. पण हा दोष नव्हे. ठसा रुंद होता आणि तार अरुंद, त्यामुळे पूर्ण मजकूर कोणत्याही लारीवर मावणे शक्यच नव्हते. कारागिराला ते ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही. पूर्ण मजकूर वाचायचा तर अनेक लाऱ्या शेजारीशेजारी ठेवाव्या लागतात. एकीवरचे अर्धे अक्षर दुसरीवरच्या अर्ध्याशी जुळवत जावे लागते.

७/
यातून पहिला धडा मिळतो: नाणे ज्या पद्धतीने पाडले गेले, त्या पद्धतीची नेहमीची मर्यादा म्हणजे दोष नव्हे. हातोड्याने पाडलेल्या नाण्याची कड वेडीवाकडी असणारच, मजकूर थोडा सरकलेला असणारच. यंत्रावर पाडलेल्या आजच्या रुपयात तीच गोष्ट दिसली तर मात्र ती अपवाद ठरते. एकाच लक्षणाचा अर्थ काळाप्रमाणे बदलतो. म्हणून दोष शोधण्याआधी 'सामान्य' काय होते ते माहीत असावे लागते.

८/
दुसरे उदाहरण कोकणातल्या कितीतरी जुन्या घरांच्या देव्हाऱ्यात सापडेल. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतरच्या मराठी तांब्याच्या नाण्याला 'शिवराई' म्हणतात. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र / पति', भोवती टिंबांचे वर्तुळ. मजकूर इतका छोटा, की त्यात चुकायला जागा नाही असे वाटावे. प्रत्यक्षात मात्र भारतीय नाण्यांत भेदांचे एवढे दाट रान फार क्वचित आढळते.

९/
'शिव' हा शब्द शिवरायांवर कुठे 'शिव', कुठे 'शीव', कुठे 'सिव', तर कुठे 'सीव' असा येतो. 'छत्रपति'चा शेवट कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. काही ठशांत पहिलेच अक्षर वेगळे होते. मजकुराभोवती बेलपानासारख्या, चंद्रकोरीसारख्या छोट्या खुणा दिसतात. उत्तरकालीन प्रकारांत 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा येतात, त्यांना 'दुदांडी' शिवराई म्हणतात. दुदांडीचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत येतो. म्हणजे महाराजांच्या निधनानंतर दीडशेच्या आसपास वर्षांनीही त्यांच्याच नावाने तांब्याचा पैसा पाडला जात होता.

१०/
या रानात पहिली पायवाट पाडली ती रेव्हरंड जस्टिन एडवर्ड्स अॅबट यांनी. ते अमेरिकन मराठी मिशनमधील पाद्री. महिपतीच्या संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराई अजून बाजारात फिरत होती. अॅबट यांनी चलनातल्याच सुमारे २५,००० शिवराया गोळा केल्या आणि अक्षरांच्या फरकांवरून त्यांची वर्गवारी करायला घेतली. त्यावरचा त्यांचा प्राथमिक अभ्यास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

११/
अॅबट यांच्या कामाची थोरवी त्यांच्या पद्धतीत आहे. त्यांनी सुंदर, ठळक, 'शुद्ध' नाणी निवडून बाकीची टाकून दिली नाहीत. झिजलेले, अशुद्ध, बेढब असे सगळे एकत्र मांडले. एकच 'सीव' लिहिलेली शिवराई पाहून एवढेच म्हणता येते की कोणीतरी चुकले. पण तेच 'सीव' वेगवेगळ्या ठशांतून निघालेल्या अनेक नाण्यांवर आढळले, तर कारागिराची डुलकी हे उत्तर पुरत नाही. मग दुसरे कारण शोधावे लागते. मोजणी केल्याशिवाय दोष आणि भेद वेगळे करता येत नाहीत, हे त्यातून दिसते.

१२/
ते दुसरे कारण काय असावे? त्यातला एक धागा लिपीत आहे. मराठी कारभार मोडीत चाले आणि मोडीत वेलांटीचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. रोज मोडी लिहिणाऱ्या किंवा वाचणाऱ्या माणसाने बाळबोध अक्षरे कोरताना 'शिव' लिहिले काय आणि 'शीव' लिहिले काय, त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. श आणि स यांची अदलाबदलही बोलीतून लेखनात सर्रास उतरे. आज ज्या शुद्धलेखनाच्या नियमांनी शिवराई तपासली जाते, ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहेत. सतराव्या-अठराव्या शतकातील कारागिराला त्या नियमांनी नापास करणे हा कालविपर्यास झाला.

१३/
म्हणून 'शीव' ही चूक नव्हे, तो लेखनभेद. खरी चूक वेगळी असते. ठशावर प्रत्येक अक्षर आरशात दिसते तसे उलटे कोरावे लागते, तेव्हा ते नाण्यावर सुलटे उमटते. कारागीर क्षणभर विसरला आणि एखादे अक्षर सरळ कोरून बसला, तर नाण्यावर तेवढेच अक्षर उलटे येते. ओळीतले अक्षर गाळणे किंवा काना-वेलांटी भलत्याच अक्षराला जोडणे, या कोणत्याही काळच्या वाचकाला चुका वाटल्या असत्या. ही कसोटी लक्षात ठेवण्यासारखी आहे: त्या काळच्या माणसाला ती चूक वाटली असती का?

१४/
दुसरा धागा टांकसाळींच्या कारभारात आहे. पेशवाईत नाणी पाडण्याचे काम पुष्कळदा परवान्याने दिले जाई. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या चलनावरील निबंधात पेशवे दप्तरातील अशा परवान्यांची माहिती दिली आहे. त्यात कोकणातील नागोठणे आणि रेवदंडा येथील तांब्याच्या टांकसाळी येतात. ठराविक मुदत, सरकारात दरसाल भरायची रक्कम आणि पैशाचे माशांत नेमून दिलेले वजन, असा त्या कराराचा साचा. म्हणजे वजनावर सरकारची नजर होती. वेलांटीवर मात्र कोणाची नजर असण्याचे कारण नव्हते.

१५/
अशा पद्धतीत मुदत संपली की कंत्राटदार बदले. ठसा झिजला की नवा कोरला जाई आणि नमुना म्हणून बहुधा जुने नाणेच समोर असणार. नकलेची नक्कल होत गेली की अक्षरे बदलत जातात. वेलांटी सरकते, टिंब वाढते, रेघ येते. शिवरायांतील भेदांकडे या दृष्टीने पाहिले तर ते अनेक गावांच्या, अनेक हातांच्या आणि अनेक पिढ्यांच्या खुणा वाटू लागतात. एकसारखेपणा नसणे हेच त्या विकेंद्रित व्यवस्थेचे चित्र.

१६/
या खुणा उलगडण्याची एक रीत फार देखणी आहे. हातोड्याचा घाव थेट वरच्या ठशावर बसतो, म्हणून तो आधी फुटतो. खालचा ठसा तुलनेने जास्त टिकतो. त्यामुळे एकाच खालच्या ठशाबरोबर एकामागून एक असे अनेक वरचे ठसे वापरले जातात. दोन शिवरायांची एक बाजू तंतोतंत एकाच ठशाची आणि दुसरी बाजू वेगवेगळ्या ठशांची निघाली, तर त्या दोन्ही एकाच कामठ्यातून बाहेर पडल्या असण्याची शक्यता फार मोठी. अशा जोड्या जुळवत गेले की ठशांची साखळी तयार होते. कागद हरवलेल्या टांकसाळीचा माग असा तांब्यावरून काढता येतो.

१७/
येथेच एका लोकप्रिय समजुतीला हात घालायला हवा. ठळक आणि 'शुद्ध' मजकुराची शिवराई ती खास महाराजांच्या काळातली आणि अशुद्ध ती नंतरची किंवा बनावट, असे विक्रेते बिनदिक्कत सांगतात. शिवराईवर सहसा वर्ष नसते. एकच मजकूर दीडशेच्या आसपास वर्षे चालला. त्यामुळे केवळ वेलांटीच्या बळावर नाण्याचा काळ ठरत नाही. वजन, धातूची जाडी, अक्षरांचे वळण, खुणा, ठशांची साखळी आणि नाणे कोणत्या साठ्यात, कोणत्या सोबत्यांबरोबर सापडले, हे सगळे एकत्र ठेवावे लागते. महाराजांविषयी मनात कितीही आदर असला, तरी त्यांचे नाव घेऊन पुराव्याच्या पुढे जाता येत नाही.

१८/
महाराजांची नाण्याविषयीची दृष्टी समजून घेण्यासारखी आहे. राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्सिंडन हा इंग्रज वकील रायगडावर हजर होता. राजापूरची वखार लुटली गेल्याची भरपाई आणि आपली नाणी स्वराज्यात चालावीत, या त्याच्या मागण्यांपैकी दोन. भरपाईचे कलम महाराजांनी मान्य केले. नाण्यांचे कलम मात्र त्यांना अनावश्यक वाटले. कोणतेही नाणे चालण्यास आपली मनाई नाही, पण ज्यात प्रजेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची सक्ती आपण करू शकत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. नाणे त्या काळी लोक तोलून, वाजवून, पारखून घेत. 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग मराठीत आला तो त्याच सवयीतून.

१९/
पुढे इंग्रजी राजवटीत यंत्रे आली आणि प्रत्येक रुपया दुसऱ्या रुपयासारखा दिसू लागला. भेद मात्र संपले नाहीत, ते बारीक झाले. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर '१८६२' हे वर्ष आहे. पण ते वर्ष घातलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते. मुंबई टांकसाळीच्या या रुपयांवर वर्षाच्या वर-खाली बारीक टिंबे आढळतात आणि त्यांची संख्या बदलत जाते. वर्ष गोठवून ठेवलेल्या काळात नाणे प्रत्यक्ष कधी पाडले, याची ती सांकेतिक नोंद असल्याचे अभ्यासक मानतात. नुसत्या डोळ्यांना हे टिंब ठशावरची घाण वाटते. भिंगाखाली आणि शंभर रुपये शेजारी मांडल्यावर ते कॅलेंडर ठरते.

२०/
कधी नक्षीच गोंधळ करते. १९११ साली पाचव्या जॉर्जचा नवा रुपया निघाला. राजाच्या अंगावरील हारात कोरलेला हत्ती आखूड सोंडेमुळे लोकांना डुकरासारखा दिसला. मुसलमान समाजात नाराजी पसरली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांपैकी सुमारे ७ लाखच लोकांपर्यंत पोहोचले होते. उरलेले वितळवले गेले आणि १९१२ पासून सोंड सुधारलेला हत्ती आला. संग्राहक आजही १९११ च्या रुपयाला 'पिग रुपी' म्हणतात. तांत्रिक अर्थाने यात टांकसाळीचा दोष काहीच नव्हता, ठसा जसा कोरला तसा उमटला. चूक पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा अंदाज न घेण्यात होती.

२१/
आजच्या नाण्यांचे भेद ओळखण्याची पहिली जागा म्हणजे वर्षाखालची रेघभर मोकळी पट्टी. तेथे टांकसाळीची खूण असते. चौकट म्हणजे सर्वसाधारणपणे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, भरीव टिंब म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. एके काळी मागणी पुरी करण्यासाठी परदेशातूनही नाणी पाडून आणली गेली. त्यामुळे १९८५ च्या रुपयावर बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे 'एच' किंवा पुढच्या काही नाण्यांवर मॉस्को, मेक्सिको, क्रेमनिका येथील खुणा भेटतात. खूण नसलेले नाणे 'खूण विसरलेले' म्हणून विकले जाते, तेव्हा ते बहुधा कोलकात्याचे सर्वसामान्य नाणे असते.

२२/
आता दोष. प्रजासत्ताक भारताच्या नाण्यांच्या दोन्ही बाजूंचा माथा एकाच दिशेला असतो. नाणे वरच्या आणि खालच्या टोकाला चिमटीत धरून आडवे फिरवले, तर दुसरी बाजूही सरळ दिसायला हवी. ती तिरकी किंवा पूर्ण उलटी दिसली, तर यंत्रात ठसा फिरलेला होता. तपासायला सर्वांत सोपा आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित असा हा दोष. ठसा फिरलेल्या अवस्थेत जितकी नाणी निघाली तितक्यांवर तो दिसतो, त्यामुळे एक सापडले की त्याच वर्षाची, त्याच टांकसाळीची आणखी नाणी चाळून पाहावीत.

२३/
ठशाला तडा गेला असेल तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंच उठलेली रेघ येते. हा शब्द महत्त्वाचा आहे: उंच. खोल रेघ असेल तर ती बहुधा बाहेर पडलेला ओरखडा असते. चकतीचा घाव चुकला आणि ती अर्धवट ठशाखाली आली, तर चित्र एका बाजूला सरकते आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर उरते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूवर तेच चित्र उलटे व खोलगट उमटते. याला 'ब्रॉकेज' म्हणतात. दोन्ही बाजूंना एकच चित्र, पण एकीकडे उठावदार आणि दुसरीकडे आरशातले, असे ते दिसते.

२४/
कातरलेल्या चकतीची पारख मोठी मजेची आहे. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना यंत्राचा साचा आधीच्या भोकावर पडला, तर चकती चंद्रकोरीसारखी खाल्लेली निघते. पुढे तिची कड उचलताना त्या रिकाम्या जागेच्या नेमकी समोरची कड दबावाअभावी नीट उठत नाही. म्हणून खऱ्या कातरीच्या समोरची कड पुसट असते. घरी कानशीने घासून केलेल्या 'दोषा'त समोरची कड मात्र ठणठणीत असते. बनावट दोष बनवणाऱ्याला ही एक गोष्ट सहसा सुचत नाही.

२५/
शेवटचा वर्ग इजांचा. रुळावर ठेवून चपटे केलेले, आम्लात बुडवून पातळ केलेले, शेकोटीत काळे पडलेले, दोन नाणी पकडीत दाबून एकाचे चित्र दुसऱ्यावर उमटवलेले. यांतले शेवटचे ब्रॉकेजसारखे भासते, पण पकडीत दाबलेल्या नाण्याची मूळ अक्षरे खालून चेपलेली दिसतात. संशय आला की तराजू काढावा. दहा रुपयांचे द्विधातू नाणे ७.७१ ग्रॅमचे आणि २७ मिलिमीटर व्यासाचे असते. वजन नोंदवल्याशिवाय 'पातळ चकती' असा दावा करणे म्हणजे न मोजता घराची उंची सांगणे.

२६/
एवढी पारख कशासाठी? एक कारण रोकडे आहे. जुनी नाणी लाखोंना विकत घेण्याच्या जाहिराती देऊन, आधी 'शुल्क' उकळून फसवणूक करणाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचे नावही वापरले. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीरपणे सांगितले की ती अशा व्यवहारांत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच-दहा रुपयांचे नाणे लाखो रुपयांना जाते, ही अशीच एक आवई. ते स्मारकनाणे आहे, चलनात आलेले आहे, त्यात दोष नाही. या फसवणुकीत पैसे जातात ते बहुधा गरजू माणसाचे.

२७/
दुसरे कारण दिसत नाही, पण त्यातले नुकसान भरून येत नाही. किमतीचे वेड लागले की माणूस शिवराई चिंचेने घासतो, ब्रशने चकाकवतो. लखलखाट येतो आणि अक्षरांच्या बारीक कडा व शतकांची साय निघून जाते. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हेच वाचता येत नाही. सापडलेला साठा वाटून घेतला की एकत्र असण्याची साक्ष नष्ट होते. पाया खणताना किंवा बागेत आळे करताना जमिनीत दडलेली नाणी मिळाली आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. हा कायदा जाच वाटतो, पण साठा अखंड राहण्याची ती एकमेव वाट असते.

२८/
संग्रह करणाऱ्याला महागडी साधने लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, शंभरावा ग्रॅम दाखवणारा छोटा तराजू, कागदी पाकिटे आणि एक वही. वहीत प्रत्येक नाण्यापुढे वजन, वर्ष, खूण, दोन्ही बाजूंचा कोन, दिसलेला फरक आणि ते कोठे, केव्हा मिळाले याची नोंद. शेवटची दोन घरे सर्वांत मोलाची, आणि नेमकी तीच रिकामी राहतात. 'रत्नागिरी, आजोबांच्या पेटीतून' एवढे तीन शब्दही पुढच्या अभ्यासकाला मोठा आधार देतात. त्यांच्याशिवाय नाणे अनाथ होते.

२९/
अॅबट यांच्या काळी २५,००० शिवराया चलनातून गोळा करता आल्या. त्यानंतर किती तांब्याच्या भांड्यांत वितळल्या, किती समुद्रात वाहिल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आज तशी मोजणी शिवराईची होऊ शकत नाही. दहा रुपयांच्या नाण्याची मात्र होऊ शकते, आणि ती आत्ताच. एखाद्या दुकानाच्या गल्ल्यातली महिनाभराची नाणी वर्ष, टांकसाळ आणि नक्षी यांनुसार मोजली, तर कोणत्या टांकसाळीचे नाणे कोकणात किती पोहोचते हे कळेल. ही माहिती शंभर वर्षांनी कोणालाही पुन्हा मिळवता येणार नाही.

३०/
देव्हाऱ्यातल्या त्या काळवंडलेल्या पैशावर 'सीव' असे कोरलेले असेल, तर त्याला अशुद्ध म्हणून बाजूला टाकू नये आणि दुर्मीळ म्हणून मिरवूही नये. ज्याने तो ठसा कोरला त्याचे नाव कोणत्याही कागदात नाही. ती वेलांटी तेवढी त्याची. ती न घासता, वजन करून, फोटो काढून, कोठून आली ते लिहून ठेवावे. चूक त्याची होती की आपल्या वाचनाची, हे ठरवायला अजून पुष्कळ शिवराया शेजारी मांडाव्या लागतील.

(समाप्त)